मयताचा व्यवसाय

मृत्यूची नोंद ज्या कागदावर होते त्याला नमुना क्रमांक २ म्हणतात. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली, त्यामुळे तो कागद मला पाठ आहे. त्याचे दोन भाग असतात. पहिल्यात मयताचं नाव, तारीख, वय, आईवडिलांचं आणि जोडीदाराचं नाव, मृत्यूचं ठिकाण, पत्ता, खबर देणाऱ्याची सही. दुसऱ्यात धर्म, व्यवसाय, औषधपाणी कुठे झालं, आजार कोणता. बाई असेल तर गरोदर असताना, बाळंत होताना किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत गेली का, तेही. आणि शेवटी चार प्रश्न: बिडी-सिगारेटची सवय होती का, तंबाखूची होती का, सुपारीची होती का, दारूची होती का, आणि असली तर किती वर्षं.

हे चार प्रश्न विचारणं मला कायम जड गेलं. समोरचा माणूस कालच राख सावडून आलेला असतो. बापाचं नाव सांगताना त्याचा आवाज नीट निघत नाही, आणि आपण विचारायचं, किती वर्षं तंबाखू खात होते? प्रश्न गरजेचे आहेत. कुठल्या व्यसनापायी किती माणसं जातात हे अशाच कागदांवरून कळतं. तरी दर वेळी मला वाटायचं, हा माणूस साठ-सत्तर वर्षं या गावात वावरला, इथल्या कुणाच्या तरी उपयोगी पडला, त्याच्या हाताला काहीतरी येत होतं. ते लिहायला या कागदावर 'व्यवसाय' हा एवढासा रकाना आहे.

तोही रकाना गावात राहत नाही. कागदाचा दुसरा भाग आकडेवारीसाठी असतो. आम्ही तो फाडून वेगळा करायचो आणि महिन्याच्या महिन्याला वर पाठवायचो. पुण्याला आरोग्य खात्याच्या जीवनविषयक आकडेवारीच्या कार्यालयात त्याची बेरीज व्हायची. आता सगळं संगणकावर भरतात, पण विभागणी तीच आहे. गावच्या रजिस्टरला लागतो तो फक्त पहिला भाग. मृत्यूच्या दाखल्यावर तर मृत्यूचं कारणही छापत नाहीत. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ने ते मुद्दाम वगळलेलं आहे, आणि ते योग्यच आहे; कोण कशाने गेलं हे बँकेच्या खिडकीवर सांगायची वेळ कुणावर येऊ नये.

या दाखल्याला मी कमी लेखत नाही. २१ दिवसांच्या आत खबर दिली की नोंद फुकट होते, उशीर झाला की शुल्क, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. त्या एका कागदाशिवाय बाईला नवऱ्याची पेन्शन लागत नाही, विम्याचे पैसे येत नाहीत, सातबाऱ्यावर वारस चढत नाहीत. राहत्या घरासाठी वर्षानुवर्षं खेटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत, केवळ आजोबांच्या मृत्यूची नोंद कुणी घातली नव्हती म्हणून. माझं म्हणणं इतकंच, की गाव आपल्या माणसांचं मरण नेमाने लिहून ठेवतं, आणि त्यांचं जगणं लिहायचं काम कुणाकडेच सोपवलेलं नाही.

हे मला एका दुपारी टेबलावरच कळलं. दोन भाऊ आईची नोंद घालायला आले होते. व्यवसाय विचारला तर थोरला म्हणाला, "लिवा की बाई, घरकाम." मी लिहिलं. शेजारच्या खिडकीवर घरपट्टी भरायला उभ्या असलेल्या एका बाईनं मान वळवली. "घरकाम कसलं रं? माझी तिन्ही पोरं तिच्या हातावर झाली." मग रांगेतून आणखी दोघं-तिघं बोलायला लागले. कुणाच्या घरी अमावास्येच्या रात्री पावसातून आली होती, कुणाचं मूल आडवं आलेलं तिनं फिरवलं होतं, कुणाकडून पैसे न घेता नुसती चोळी घेऊन गेली होती. मुलगे ऐकत राहिले. त्यांना यातलं निम्मं ठाऊक नव्हतं.

जन्माच्या कागदावर प्रसूती कुणाच्या मदतीने झाली असा एक प्रश्न असतो: डॉक्टर, नर्स, पारंपरिक सुईण, नातेवाईक, यांतल्या एकावर खूण करायची. त्या बाईनं केलेल्या बाळंतपणांच्या किती कागदांवर अशी खूण पडली असेल! खुणेला नाव नसतं. आणि ती स्वतः गेली तेव्हा तिच्या नावापुढे मी माझ्या हाताने 'घरकाम' लिहिलं.

त्या आठवड्यात मी वाण्याच्या दुकानातली एक लांब लाल चोपडी घेतली. कचेरीच्या रजिस्टरात जादा अक्षर लिहायचा मला अधिकार नव्हता, म्हणून ही वही घरची. नोंद झाली, सही झाली, की मी विचारायची: तुमची हरकत नसेल तर सांगा, काय यायचं त्यांना? लोक आधी बिचकायचे. मग बोलायला लागले की थांबायचे नाहीत. मी काही गोष्टी वहीत कधीच घेतल्या नाहीत: आजार, भावकीतले वाद, देणीघेणी. काय करायचे, काय ठाऊक होतं, कशाबद्दल आग्रही होते, एवढंच.

आमच्या नगरपरिषदेत पाणी सोडणारा एक वॉलमन होता. तो सेवेत असतानाच गेला. दाखल्यापुरती नोंद झाली, 'नोकरी' असं लिहिलं. पुढच्या आठवड्यात वरच्या आळीला पाणी येईना. नव्या माणसानं सगळे वॉल फिरवून पाहिले, कागदावरचे नकाशे काढले. पण नकाशा जुना, आणि मधल्या काळात टाकलेल्या जोडण्या फक्त त्या मेलेल्या माणसाच्या डोक्यात. शेवटी त्याच्या बायकोनं सांगितलं, "कुंभारवाड्याच्या तोंडाचा वॉल उलटा फिरतो. जेवताना रोज त्याच्या नावानं बोटं मोडायचे." गिरणीच्या ओट्याखालचा तो वॉल डावीकडे फिरवला आणि पाणी चढलं. हे मी वहीत शब्द न शब्द लिहून ठेवलं आहे. माणूस जातो तेव्हा गावाची अशी किती माहिती त्याच्याबरोबर मातीत जाते, याचा हिशेब कुठल्याही कचेरीत नाही.

पूर्वीही गावं आपले मृत लिहून ठेवत होती. महसुलाच्या दप्तरात गाव नमुना नंबर १४ म्हणून जन्ममृत्यूचं रजिस्टर असायचं. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. कोतवालाकडून आलेली खबर त्यात उतरायची. जुनी बुकं मोडीत आहेत आणि ती तहसीलच्या अभिलेख कक्षात ठेवलेली असतात. एरवी तिकडे कोण फिरकतं? पण सप्टेंबर २०२३मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, पुढे ते काम राज्यभर गेलं, आणि कोतवाल बुकात जातीचा रकाना असल्यामुळे गावोगावची कुटुंबं आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या जन्ममृत्यूच्या ओळींपाशी येऊन उभी राहिली. मोडी वाचता येणाऱ्या निवृत्त शिक्षकांना तेव्हा जी मागणी आली ती मी कधी पाहिली नव्हती.

आमच्या शेजारच्या अण्णांबरोबर मीही गेले. मोडी वाचणारे गुरुजी सोबत होते. पान निघालं ते १९१८ सालच्या ऑक्टोबरचं, म्हणजे मानमोडीच्या साथीचं. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीने एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्यामागचं मोठं कारण हीच साथ. शाळेच्या पुस्तकात हे एक वाक्य असतं. कोतवाल बुकात ते पानामागून पान असतं: दर ओळीला एक माणूस, आणि कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्याने पुढे पुढे तो शब्दही सोडून नुसत्या दोन टिंबांवर भागवलं होतं. एकेका घरातली दोन-तीन माणसं लागोपाठ. गुरुजींचा आवाजही खाली आला होता.

अण्णांच्या घराण्याच्या तीन ओळी त्या पानावर होत्या. त्यांना हवी असलेली जातीची नोंद मिळाली, ते सुटकेचा श्वास टाकून निघालेच होते, तेवढ्यात गुरुजींनी मधली ओळ पुन्हा वाचली: त्यांच्या पणजोबांचं नाव, त्यापुढे 'ची बायको', वय २५, ताप. अण्णा थांबले. म्हणाले, "म्हणजे माझी पणजी. पण हिचं नाव काय?"

नाव त्या ओळीत नव्हतं. या बुकांत हे नेहमीचं आहे. जन्म लिहिताना बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाई मेली तर अमक्याची बायको, तमक्याची आई. घरी येऊन अण्णांनी नव्वदीच्या आत्याला विचारलं. तिनं कधी ऐकलंच नव्हतं. तिला माहीत होती ती पणजोबांची दुसरी बायको, तिच्याच हाताखाली तिचं लहानपण गेलं होतं.

मग हेळव्याची वाट पाहणं आलं. आमच्याकडे, कर्नाटकाच्या शेजारच्या या पट्ट्यात, हेळवी वंशावळ सांगत गावोगाव फिरतात. ठरलेली घराणी, ठरलेली गावं. पूर्वी बैल घेऊन यायचे, आता गाडीवरून येतात. दारात उभं राहून मूळ गाव, कुळदैवत, तिथपासून आजच्या तान्ह्या पोरापर्यंत पिढ्या वाचून दाखवायच्या, मधे झालेले जन्म नोंदवून घ्यायचे, धान्य-पैसा घेऊन पुढच्या दारी जायचं. मला या लोकांबद्दल फार आदर आहे. ज्या गावात कुणाला चौथी पिढी सांगता येत नाही तिथे परगावचा हा माणूस दहा पिढ्या काखोटीला मारून येतो. तो आला, त्यानं चोपडी उघडली. पुरुषांची ओळ सलग होती. बायकांची नावं कुठे होती, कुठे नव्हती. पणजोबांपुढे दुसऱ्या बायकोचं नाव होतं.

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे घराण्याच्या नामावळीची वही असते. तिथे जाऊन आलेल्या माणसांनी स्वतःच्या हाताने नावं लिहिलेली, सह्या केलेल्या असतात. अण्णांच्या आजोबांची सही तिथे मिळाली. थोरल्या पणजीचं नाव तिथेही नाही. श्राद्धात आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावीच लागतात, म्हणजे एके काळी हे नाव दरवर्षी मोठ्याने उच्चारलं जात असणार. अण्णांच्या वडिलांनी ते पाठ करून ठेवलं असेल आणि त्यांच्याबरोबर ते गेलं.

आणि तरी त्या घरात ती पुरती हरवलेली नव्हती. पितृपक्षात प्रत्येक तऱ्हेच्या मरणाला आपली तिथी आहे. शस्त्राने, अपघाताने गेलेल्यांची चतुर्दशी. नवरा हयात असताना गेलेल्या बाईची अविधवा नवमी. कुणाचीच तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री. अण्णांच्या घरी दर भाद्रपदात वद्य नवमीला एक सवाष्ण जेवायला बोलावतात, तिची ओटी भरतात. अण्णांच्या आईने केलं, बायको करते. कुणासाठी, असं कुणी विचारलं नव्हतं. घरची पद्धत म्हणून चालू होतं. घरात मागच्या कुठल्याच पिढीत दुसरी कुणी सवाष्ण गेल्याचं आत्याला आठवत नाही. तेव्हा बहुधा पंचवीस वर्षांच्या त्या पोरीसाठीच हे ताट शंभर वर्षं वाढलं जात आहे. माझ्या वहीत तिला एक पान आहे. वर नावाची जागा मोकळी सोडली आहे आणि खाली नवमीची हकिगत.

नाव नसलेले मृत गावाच्या वेशीवरही आहेत. महादेवाच्या देवळाबाहेर वीरगळ उभे आहेत, लहान मुलं त्यांच्यावर चढून खेळतात. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा वीराला नेताहेत, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्र-सूर्य. खाली गुरं कोरलेली असली तर तो गुरं राखताना पडला असं समजायचं. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. गावासाठी कुणी मेलं इतकं दगड सांगतो.

आज चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर नाव भलं मोठं असतं. फोटो, 'भावपूर्ण श्रद्धांजली', रक्षाविसर्जनाची वेळ, खाली शोकाकुल मंडळींची यादी. दैनिकाच्या तालुका पानावर चार ओळी येतात: मनमिळाऊ व धार्मिक स्वभावामुळे सर्वत्र परिचित, पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे. बाई असेल तर अमक्या पदाधिकाऱ्याच्या त्या मातोश्री होत. बातमी देणारा पोरगा घाईत असतो, घरचेही दुःखात असतात, म्हणून तयार वाक्यं वापरली जातात. तिथे मला एकच सांगावंसं वाटतं: त्या चार ओळींत एक ओळ अशी घाला की जी दुसऱ्या कुणाबद्दल लिहिता येणार नाही. गावातल्या एका पिंजाऱ्याच्या बातमीत त्याच्या मुलीनं लिहायला लावलं होतं, की ते कापूस हातात घेऊन कुठल्या शिवारातला आहे ते सांगायचे. ती बातमी लोकांनी कापून ठेवली.

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये मला आमच्या रजिस्टरची आणखी एक बाजू दिसली. कायद्याने मृत्यू जिथे झाला तिथे नोंदवायचा असतो, माणूस राहत कुठे होता तिथे नव्हे. करोनात आमची माणसं ऑक्सिजनच्या खाटा शोधत मिरज, सांगली, कोल्हापूरला गेली आणि बरीचशी तिकडेच संपली. त्यांची नोंद तिकडच्या रजिस्टरात. दहनही तिकडेच झालं, मातीला घरचे दोघं-चौघं, उत्तरकार्य आटोपशीर किंवा नाहीच. इथे गल्ल्या रिकाम्या होत होत्या, आणि उद्या कुणी अभ्यासक त्या दोन महिन्यांचं आमचं रजिस्टर उघडेल तर त्याला वाटेल, या गावावर फार काही गुदरलं नाही.

तेव्हा मी माझ्या वहीचा नियम ठरवला: जो इथे जगला तो इथल्या वहीत. लोकांकडे जाता येत नव्हतं, म्हणून फोन केले. बोलायला कुणी आलेलं नसल्यामुळे माणसं फोनवर तासभर बोलायची. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा एक जण, ज्यानं गावातल्या निम्म्या वराती काढल्या. कन्याशाळेची शिपाईणबाई, जी परीक्षेच्या दिवशी दारात गूळ घेऊन उभी राहायची. द्राक्षबागांत विरळणीची टोळी चालवणारी एक मुकादमीण. तिच्याबद्दल मी भाच्यानं सांगितलं तेवढंच लिहिलं, की बागायतदारांशी दर ठरवताना ती कधी खाली बसली नाही, उभ्यानेच बोलायची.

सरकारी रजिस्टरात चूक दुरुस्त करायची एक रीत आहे, कलम १५ची. मूळ नोंद खोडायची नाही. समासात दुरुस्ती लिहायची, तारीख घालायची, सही करायची. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते, म्हणून माझ्या वहीतही मी रुंद समास सोडला. सेवानिवृत्तीनंतर तो समासच जास्त भरतो आहे. माणसं रस्त्यात थांबवतात, "आमच्या बाबांचं त्यात एक राहिलंय बघा."

परवा पुण्याहून त्या मुकादमिणीच्या भाचीचा फोन आला. म्हणाली, "आत्याला लिहिता येत नव्हतं. टोळीतल्या बायकांची हजेरी ती घरच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढून ठेवायची. कुणाचा खाडा, कुणाचा अर्धा दिवस, सगळं. पगाराला कधी एका रुपयाचा वाद झाला नाही. हे तुमच्या वहीत आहे का?" नव्हतं. मी समासात लिहिलं, तारीख घातली, सही केली. तिनं विचारलं, "भिंत अजून सारवलेली नाही, फोटो पाठवू?" म्हटलं, पाठव, आणि दिवाळीला येशील तेव्हा टोळीतल्या जेवढ्या जणी आहेत त्यांना भिंतीपुढे घेऊन बस, कुठली ओळ कुणाची ते विचार, आणि प्रत्येकीचं नाव, माहेरच्या नावासकट, लिहून आण.